गुरुवारची तपासणी

१० एप्रिल २०२५, गुरुवार. गडचिरोली

न्यासाने दिलेल्या भेट-अहवालात शंकेसाठी एकही रकाना नाही. म्हणून ही वेगळी वही. ती न्यासाला दाखवायची नाही, आणि इंदूलाही नाही.

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवतो. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातील लेखा विभागाची नोकरी मुदतीआधी सोडून मी गेले वर्षभर घरी आहे. इंदू येथल्या शाळेत शिकवते, म्हणून गडचिरोलीत स्थायिक झालो. मार्चमध्ये वैनतीर न्यासाची जाहिरात वाचली. जंगलपट्ट्यातील तरुणांना लहान उद्योगासाठी बीजभांडवल द्यायचे आणि प्रत्येकामागे एक अनुभवी मार्गदर्शक नेमायचा, अशी योजना. मानधन नाही, प्रवासखर्च मिळेल. अर्ज केला, निवड झाली. माझ्या वाट्याला धानोऱ्याचा अतुल हलामी आला. वय सव्वीस, व्यवसाय चारोळी फोडणे.

व्यवसाय कागदावर उत्तम आहे. उन्हाळ्यात जंगलातल्या बाया चार नावाच्या झाडाची फळे वेचतात, गर काढून बिया वाळवतात आणि व्यापाऱ्याला कवडीमोलाने देतात. तीच बी फोडून आतली चारोळी विकली तर भाव कित्येक पटींनी मिळतो. अतुलने पहिल्या हप्त्यातून बिया फोडायचे मशीन घेतले आहे. दुसरा हप्ता जूनच्या आरंभी, तो माझ्या शिफारशीवर. शिफारस झाली नाही तर न्यास मशीन उचलून दुसऱ्या कोणाला देईल, असे कलम करारात आहे. थोडक्यात, या मुलाचा धंदा माझ्या सहीवर उभा आहे. आणि न पाहता मी आजवर कशावरही सही केलेली नाही.

आजची पहिली भेट. शेड धानोऱ्याच्या टोकाला, स्वच्छ. मशीन चालू. भिंतीशी बियांच्या पिशव्या ओळीने लावलेल्या. प्रत्येकीच्या तोंडाला वेगळी चिंधी बांधलेली. कुठे लाल कापड, कुठे लुगड्याचा काठ, एकीला चक्क बुटाची नाडी. नाव, वजन, तारीख यांपैकी काहीही नाही. खरेदी-नोंदवही मागितली तर अतुल संकोचून म्हणाला, "ज्याची त्याले मालूम हाय सर."

पैसे केव्हा देतोस, असे विचारले. बाई म्हणेल तेव्हा तिची पिशवी फोडतो, चारोळी विकली गेली की स्वतःची फोडणावळ कापून पैसे देतो, असे त्याचे उत्तर. त्याआधी कोणी मागत नाही म्हणे.

एवढ्यात एक बाई आत आली. हिरव्या चिंधीची पिशवी उचलून तिने डोक्यावर घेतली आणि निघून गेली. अतुलने मान वर करून पाहिलेही नाही. मी विचारले तर म्हणाला, "त्यायचीच व्हती." माल बाहेर जातो आणि मालक बघत नाही! आणि माल देऊन पैसे न मागणारा विक्रेता मला तीस वर्षांत भेटलेला नाही. एक तर माल त्यांचा नाही, किंवा हा मुलगा पुरते सांगत नाही.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. भात, आंबाडीची भाजी. आग्रह फार केला. आवारात दहा-बारा शेळ्या दिसल्या. प्रकल्प अहवालातील मालमत्तेत त्या दाखवलेल्या नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार

गडचिरोलीतील छापखान्यातून पावतीपुस्तके छापून घेतली, खर्च माझा. मजकूर मीच केला. "खाली नमूद केलेला माल आज रोजी विकला असून त्याचा दर मला मान्य आहे." खाली विक्रेत्याची सही किंवा अंगठा. शाईचा पॅडही नेला.

अतुलने पावती दोनदा वाचली. मग विचारले, "विकला असंच लिवा लागते का सर?"

मी सांगितले, व्यवहार म्हटला की एक विकतो आणि दुसरा विकत घेतो. तिसरा प्रकार नाही. तो म्हणाला, "बरं." नंतर बराच वेळ मशीनचा पट्टा पुसत बसला, तो मुळात स्वच्छच होता.

पहिला अंगठा कलाबाई नावाच्या वयस्क बाईचा. आसपासच्या टोल्यांवरच्या, म्हणजे लहान वस्त्यांवरच्या, बाया तिच्या शब्दाबाहेर नाहीत असे दिसते. कागद तिने उलटसुलट करून पाहिला, अतुलशी गोंडीत काही बोलली, मग मला म्हणाली, "पोरगा म्हनते म्हनून देतो." अंगठा स्पष्ट उमटला. तिच्यामागे आणखी काहींनी दिले. उरलेल्या बाया बाहेर सावलीत बसून राहिल्या आणि थोड्या वेळाने दिसेनाशा झाल्या.

जे सरळ असते ते सही करायला कचरत नाही, असा माझा अनुभव आहे.

२० एप्रिल, रविवार

जेवताना इंदूला पावतीची योजना समजावून सांगितली. ती ब्रम्हपुरीची, शाळेत प्रमाण भाषा बोलते, घरी नाही. म्हणाली, "तुमी वांगे घेतले तरी बिल मांगता. तो मंडईतला मानूस तुमाले पाहून टोपली झाकते, मालूम हाय का?"

मंडईतील त्या माणसाचा तराजू सदोष होता. ते मी सिद्ध करून दाखवले होते.

२४ एप्रिल, गुरुवार

गंभीर बाब. पिशव्या कमी झाल्या आहेत. मागच्या आठवड्यात भिंत भरलेली होती, आज अर्ध्याहून अधिक मोकळी. एवढा माल फोडला गेलेला नाही. मशीनचा वीजमीटर मी स्वतः वाचला. नवीन पावत्या जवळजवळ नाहीतच.

कुठे गेल्या, असे अतुलला विचारले. "नेल्या सर." कोणी? "ज्यायच्या त्यायनं." ज्यांनी आठ दिवसांपूर्वी माल विकला, त्याच तो परत घेऊन जातात आणि हा देतो. किंवा, आणि हेच अधिक संभाव्य आहे, माल त्याने परस्पर दुसरीकडे विकला आणि मला बायांचे नाव सांगतो आहे.

लेखापरीक्षणाचा नियम असा की संशय आल्यास त्रयस्थाकडून खात्री करावी. म्हणून परतताना सरळ रस्त्याने न येता टोल्यांवर गेलो. घरोघरी तेच प्रश्न विचारले. अतुलला माल दिला का? किती? पैसे दिले का? वेळेवर देतो का? उत्तरे वहीत टिपली. बहुतेकांनी पाणी दिले, उत्तर दिले नाही.

कलाबाईने खाट टाकली. मी लिहीत असताना ती माझ्या पेनकडे बघत होती. शेवटी हलक्या आवाजात विचारले, "त्याच्यावर काई आलं का, भाऊ?"

मी सांगितले की चौकशी चालू असताना त्याबद्दल बोलता येत नाही. हेच उत्तर योग्य होते.

१ मे, गुरुवार

सुट्टी असूनही गेलो. उरलेले टोले पूर्ण केले. एका घरी मी येताना दिसताच दार लोटले गेले. कोणीतरी आधीच पढवून ठेवलेले असणार. कोणी, हे उघड आहे.

८ मे, गुरुवार

आज आश्चर्य. शेडमध्ये माल आहे आणि प्रत्येक पोत्याची पावती आहे. सही अंगठ्याची नाही, ठसठशीत, वळणदार. क्षणभर समाधान वाटले. मग नाव वाचले. सर्व पावत्यांवर विक्रेता एकच, धनराज.

धनराज हा धानोऱ्याचा व्यापारी. बायांकडून स्वस्तात बिया घेऊन बाहेर पाठवणारा. अतुलच्या प्रकल्प अहवालात पहिल्याच पानावर लिहिले आहे की या उद्योगामुळे बायांना व्यापाऱ्याकडे जावे लागणार नाही. आणि तोच व्यापारी आज शेडमध्ये खुर्चीवर बसून चहा पीत होता! मला पाहून उठला, नमस्कार केला आणि म्हणाला, "या साहेब. तुमच्यामुळं धंदा बरा चालून राह्यला." हे वाक्य मी दोनदा मनात तपासले. लाच देऊ करण्यापूर्वीची प्रस्तावना अशीच असते. पुढे मात्र तो काही बोलला नाही, हसत निघून गेला.

दर पाहिला. अतुल धनराजला बाजारापेक्षा चढा दर देतो आहे. या दराने घेऊन, फोडून, विकून हातात काहीही उरत नाही. तोट्याची खरेदी कोणी उगाच करत नाही. फरकाची रक्कम धनराजकडून मागल्या दाराने परत येत असणार. बायांकडून माल धनराजकडे, धनराजकडून अतुलकडे. असे चक्र मी कारखान्याच्या पुरवठादारांतही पाहिलेले आहे.

हे कशासाठी, असे अतुलला थेट विचारले. तो म्हणाला, "मशीन बंद दिसली तं तुमी काय लिवसान, सर?" म्हणजे माझ्या अहवालासाठी देखावा. कबुलीच म्हणायची.

नंतर त्याच्या घरावरून गेलो. शेळ्या नाहीत. गोठा रिकामा, झाडून स्वच्छ केलेला. विचारल्यावर खाली बघत उत्तर आले, "मामाच्या गावाले धाडल्या सर." मालमत्ता दडवण्याचा प्रकार. न्यास वसुली करील या भीतीने.

१२ मे, सोमवार

करिश्माला फोन केला. ही न्यासाची समन्वयक, नागपूरला असते. वयाने लहान, मला काका म्हणते. माझे निष्कर्ष सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली की अतुलशी ती आधीच बोलली आहे. माल घटल्याचे तिलाही दिसत होते. तिने त्याला मार्गदर्शक बदलून देऊ का, असे विचारले होते.

मला न सांगता! ही कार्यपद्धती चुकीची आहे आणि तसे मी तिला ऐकवले. पण तो काय म्हणाला, हेही विचारले.

"नको म्हणाला, काका. म्हणे, सर आमच्या घरी जेवलेत."

याचा माझ्या कामाशी काय संबंध? एका जेवणाने मी बांधला गेलो, अशी त्याची समजूत दिसते. उलट बदल नाकारणे हेच सूचक आहे. नवा माणूस आला तर पुन्हा मुळापासून तपासणी होईल. माझ्याबाबत त्याला वाटते की झाकून जाईल.

१५ मे, गुरुवार

आज अतुलला समोर बसवून विचारले. मी सर्व मुद्दे क्रमाने मांडले. पिशव्या, धनराज, दर, शेळ्या. यातल्या एकाचे तरी सरळ उत्तर दे, म्हणालो. तू सांगितले नाहीस तर मला प्रतिकूल अहवाल द्यावा लागेल आणि मशीन जाईल.

त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. मी ते पाहिले आणि त्यावर विसंबलो नाही. पाणी खोट्यालाही येते. मग तो म्हणाला, "तुमी मोठे आहा सर. तुमाले मी काय सांगू?"

"जे खरे आहे ते."

"लोक घाबरून राह्यले, सर." कशाला घाबरतात, असे मी विचारले. तो माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिला. तेथे पेनाशिवाय काही नव्हते.

संध्याकाळी अहवालाचा मसुदा केला. "लाभार्थीच्या व्यवहारात पारदर्शकता आढळली नाही. दुसऱ्या हप्त्याची शिफारस करता येत नाही." इंदूने विचारले, काय लिहिता? सांगितले. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवून म्हणाली, "त्या पोराले तुमी कधी असं विचारलं का, का बाबा तुले काई मदत लागते का?"

मी सांगितले की तपासणी पूर्ण झाल्याशिवाय मदतीचे स्वरूप ठरत नाही. ती पुन्हा वह्यांकडे वळली. मसुदा अजून पाठवलेला नाही. दोन भेटी शिल्लक आहेत आणि अपूर्ण भेटींवर अहवाल देणे नियमात बसत नाही.

२२ मे, गुरुवार

आजचे नीट लिहायला हवे.

शेडवर पोचलो तेव्हा कलाबाई दाराशी बसली होती. अतुल नव्हता, लाकडाची खोकी आणायला गेला होता. मी येताच ती उठली आणि म्हणाली, "भाऊ, माहा अंगठा वापस द्या."

मला वाटले, ती पावतीची प्रत मागते आहे. तसे नव्हते. पुस्तकातली मूळ पावतीच तिला हवी होती. मी समजावले की केलेली सही परत घेता येत नाही. ती दाराच्या उंबऱ्यावर आडवी बसली, म्हणजे मला बाहेर पडायला जागा राहिली नाही, आणि शांतपणे म्हणाली की मग ती येथेच बसेल.

तिच्या नातीचे लग्न आहे. बुटाच्या नाडीची ती पिशवी तिची होती. लग्नाच्या खर्चासाठी तिने ती मागितली आणि अतुलने काही न बोलता दिली. पण पिशवी घरी गेली तरी अंगठा माझ्या पुस्तकात राहिला. उद्या कोणी कागद घेऊन दारात आला की हा माल तू विकला आहेस, तर? काही वर्षांपूर्वी बचतीच्या नावाने कोण्या कंपनीचे लोक टोल्यावर येऊन असेच अंगठे घेऊन गेले होते, ते तिने सांगितले. पैसे गेले, लोक गेले, आणि ते कागद कुठे आहेत हे आजही कोणाला ठाऊक नाही.

मी म्हणालो, "पण माल तुम्ही विकलाच होता ना?"

"कोनं विकला?" ती माझ्याकडे असे बघत होती जसे इंदू गणित न येणाऱ्या मुलाकडे बघते. "आमी ठेवला व्हता. फोड म्हटलं तं फोडते, ने म्हटलं तं नेतो. आमचाच हाय तं आमी विकन काऊन?"

मी खुर्चीवर बसलो.

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचे ते प्रकरण आहे. माल दुसऱ्याच्या जागेत ठेवला, विक्री होईपर्यंत मालकी ठेवणाऱ्याची. सांभाळणाऱ्याला फक्त त्याची फोडणावळ. कारखान्यात आमच्या डेपोचा हिशेब मी याच पद्धतीने ठेवत होतो. हाताखालच्या मुलांना शिकवतही होतो की अशा मालाची विक्री म्हणून नोंद करणे ही साधी चूक नव्हे, तो मालकाचा माल काढून घेणे आहे. अतुलने पहिल्याच दिवशी सर्व सांगितले होते. "विकला असंच लिवा लागते का," हेही विचारले होते. आणि मी त्याला सांगितले होते की तिसरा प्रकार नाही.

पुस्तके काढली. बायांच्या प्रत्येक पावतीवर तिरप्या अक्षरांत "रद्द" लिहून तारखेसह सही केली. कलाबाईचे समाधान झाले नाही. तिला सही नको होती, अंगठा हवा होता. छापील पावती फाडू नये हा नियम मी कधी मोडलेला नाही. कात्रीने तेवढा चौकोन कापून तिच्या हातावर ठेवला. तिने तो घडी करून लुगड्याच्या सोग्याला गाठीत बांधला आणि माझ्यासाठी उंबरा मोकळा केला.

अतुल आला तेव्हा त्याला सांगितले की पावती माझी चूक होती. लोकांना सांग, पिशव्या आणून ठेवा. तो "हो सर" म्हणाला. त्याचा चेहरा मात्र मोकळा झाला नाही. अजून काही दडवतो आहे.

२९ मे, गुरुवार

पिशव्या आलेल्या नाहीत. शेडमध्ये धनराजची शेवटची दोन पोती, मशीन बंद.

पावत्या रद्द होऊन आठवडा झाला, तरी माल नाही. म्हणजे कारण पावती नव्हते, असा निष्कर्ष निघतो, आणि मूळ संशय पुन्हा उभा राहतो. मी तसाच कलाबाईच्या घरी गेलो. लग्नाचा मांडव अजून उतरायचा होता. तिने जेवू घातल्याशिवाय बोलायचे नाकारले. जेवलो. मग ती माझ्यासमोर बसली.

"तुमी वाईट नाई, भाऊ. पन तुमी येनं बंद करा."

मी कारण विचारले. ती म्हणाली, "तुमी घरोघरी पुसलं. अतुल पैसे देते का, अतुल पैसे देते का. साहेब लोक कोनाबद्दल असं पुसते तं आमाले काय वाटन? पोट्ट्यावर काई आलं. बुडून राह्यला. मी तुमाले पुसलं तं तुमी सांगत नाई म्हटलं. मंग त्याच्या घरी माल कोन ठेवन?"

"मग हे अतुलने मला का नाही सांगितले?"

"तुमी त्याच्या घरी जेवले ना." हे सांगावे लागते याचेच तिला नवल वाटले. "जेवलेल्या मानसाले येऊ नको नाई म्हनत आमच्यात. तो मशीन देऊन टाकन, पन म्हननार नाई. म्हनून मी म्हनून राह्यलो."

मी उठलो. निघताना ती म्हणाली, "आता माह्याही घरी जेवले. पन मी म्हातारी हाय, मले चालते." आणि तोंडाला पदर लावून हसली.

३१ मे, शनिवार

दोन दिवस विचार करतो आहे. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. हे कलाबाई आणि अतुल यांनी मिळून रचलेले असू शकते. तपासणाऱ्याला दूर ठेवायचे असेल तर याहून नामी युक्ती कोणती? मी गेलो नाही तर माल येतो, असे ती म्हणते. याची पडताळणी करायची तर मला जावे लागेल. आणि मी गेलो की माल येणार नाही. ही गोष्ट मला स्वतःच्या डोळ्यांनी कधीच पाहता येणार नाही. शेळ्यांचा खुलासाही अद्याप झालेला नाही. इंदूला विचारले की एखादा माणूस तोट्यात माल का घेईल आणि शेळ्या का लपवेल. ती म्हणाली, "इतका हिशेब येते तुमाले, अन् हा नाई येत?" आणि आत गेली.

अहवाल आजच द्यायचा होता, संगणकावर. "खरेदी घटण्याचे कारण" या ठिकाणी लिहिता येत नाही, दिलेल्यातून निवडावे लागते. पाऊस, वीजपुरवठा, बाजारभाव, लाभार्थीची उदासीनता, इतर. लाभार्थीची उदासीनता निवडली असती तर पुढे एकही प्रश्न आला नसता. "इतर" निवडले. खाली छोटी चौकट उघडली. तीत लिहिले:

"मार्गदर्शकाने तयार केलेली चुकीची पावती, आणि मार्गदर्शकाने घरोघरी केलेली चौकशी. लाभार्थीचा दोष आढळला नाही. दुसऱ्या हप्त्याची शिफारस करतो. मार्गदर्शकाच्या साप्ताहिक भेटी बंद कराव्यात."

अहवाल समितीपुढे जाण्याआधी करिश्माला दिसतो. तासाभरात तिचा फोन. तिचा आवाज चिंतेचा होता. असे कोणी लिहीत नाही, समिती तुमच्याकडेच खुलासा मागेल, तुमचे नाव यादीतून जाईल, "बाजारभाव" करून टाकू का, असे तिने विचारले. ती माझ्या भल्याचेच बोलत होती. मी सांगितले की बाजारभाव या महिन्यात घटलेला नाही; तो मी पाहिला आहे.

"पण तुम्ही आता भेटी देणार नाही म्हणता, काका. मग शिफारस कशावर?"

न पाहताच केली आहे, असे मी सांगितले. अहवाल आहे तसाच समितीकडे पाठव, म्हणालो.

५ जून, गुरुवार

बस सुटण्याच्या वेळेला आपोआप तयार झालो. बूट घातले, मग काढले. इंदू शाळेच्या कामाला गेली होती. दुपारभर घरातली विजेची बिले वर्षवार लावली. ती आधीच लावलेली होती.

समितीचे पत्र आले. खुलासा मागितला आहे. संध्याकाळपर्यंत लिहून दिला. अहवालातील मजकूरच पुन्हा, फक्त जास्त सुवाच्य.

१२ जून, गुरुवार

करिश्माचा निरोप. समितीने अतुलचा दुसरा हप्ता मंजूर केला. त्याच्यासाठी नवे मार्गदर्शक नेमले आहेत. ते नागपूरहून फोनवरच बोलतील, प्रत्यक्ष जाणार नाहीत. माझे नाव यादीतून वगळले आहे. मी घेतलेल्या मेहनतीबद्दल आभार. शेवटी तिने स्वतःहून एक वाक्य जोडले होते की शेडमधली भिंत पिशव्यांमागे पुन्हा दिसेनाशी झाली, असे अतुलने सांगितले. अतुलने सांगितले, कोणी पाहिलेले नाही. तरीही तो निरोप मी इंदूला वाचून दाखवला.

संध्याकाळी अतुलचा फोन आला. मागे मशीन चालू होते. त्या आवाजात त्याचे बोलणे तुटत होते. हप्त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. म्हणाला, "सर, या ना एकदा. आईनं बलावलं हाय जेवाले. बाईलेही घेऊन या."

मागून कोणा बाईचा आवाज आला, कोणाशी बोलतो म्हणून विचारत होती. त्याने फोनवर हात ठेवला असावा; काही ऐकू आले नाही. तो परत बोलायला लागला तेव्हा मी त्याला विचारले की मशीन कोणत्या दिवशी बंद असते.

"मंगळवारी, सर," तो म्हणाला. "त्या दिवशी लाईट नसते. शेडवर कोनी येत नाई."

"मग आम्ही मंगळवारी येतो," मी म्हणालो.